होकाराशिवाय नाही

बाइंडरीण पेगन आहे, हे तिच्या नवऱ्यानं आयुष्यात निदान शंभर लोकांना सांगितलं असेल, आणि दर वेळी त्याच सुरात. आमच्या हिला चहात साखर चालत नाही, असं सांगावं तसं. लोक विचारायचे, पेगन म्हणजे काय? तो म्हणायचा, "म्हणजे हिच्या देवाची बदलीची नोकरी आहे. कधी झाडात, कधी चंद्रावर, कधी आमच्या मागच्या दारातल्या दगडात. पत्ता रोज नवा." लोक हसायचे, बाइंडरीणही हसायची, आणि विषय तिथंच संपायचा.

थट्टा सोडली तर त्यात फारसं खोटं नव्हतं. सात जणांचा त्यांचा गट होता. ना ग्रंथ, ना गादी, ना कुणी संस्थापक. जमीन, पाणी, वारा, आग यांना ती मंडळी पवित्र मानायची, आणि नुसतं तोंडानं नाही. त्यांच्यातला बसचालक ओढ्यात प्लास्टिकची पिशवी दिसली की बूट काढून पाण्यात उतरायचा. वर्षातले आठ दिवस ते पाळत: सगळ्यांत मोठा दिवस, सगळ्यांत छोटा, दिवस-रात्र सारखे असतात ते दोन, आणि त्यांच्या अधलेमधले चार. त्या दिवशी गावाबाहेरच्या टेकडीवर गोल करून बसायचं, चार दिशांना हाक घालायची, वर्षाचं चाक कुठवर आलं ते एकमेकांना सांगायचं, खायचं-प्यायचं आणि खाली उतरायचं. कुणाला ओढून आणायचं नाही. कुणी जातो म्हणाला तर अडवायचं नाही. दुसऱ्याच्या देवाला खोटं म्हणायचं नाही. आणि ज्याला खरोखर नियम म्हणावा असा एकच होता. कुणासाठी बसायचं, म्हणजे काही मागायचं असेल, बरं होणं, नोकरी, मूल, काहीही, तर आधी त्या माणसाचा होकार घ्यायचा. होकाराशिवाय नाही.

हा नियम गटातल्या सगळ्यांत मोठ्या बाईंनी घालून दिलेला. त्या पूर्वी सुईण होत्या, म्हणून सगळे त्यांना सुईणबाईच म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या आयुष्यात न विचारता हात घालणं म्हणजे त्याच्या घरात खिडकीतून शिरणं. आत जाऊन केर काढलात तरी शिरलात खिडकीतूनच. बाइंडरिणीला हे इतकं पटलं होतं, की अकरा वर्षांपूर्वी ती गटात आली ती याच एका वाक्यापायी. त्याआधी तिला भेटलेल्या सगळ्या धर्मांच्या लोकांनी तिच्यासाठी प्रार्थना केल्या होत्या. विशेषतः मूल होत नव्हतं त्या वर्षांत. तिला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई, तुला चालेल का?

सुईणबाई तिच्याकडे आल्या होत्या त्या एक वही बांधायला घेऊन. बाइंडिंगचं तिचं दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं: एक लांब टेबल, कागद कापायचं यंत्र, लोखंडी दाबयंत्र, खळीचं भांडं, आणि भिंतीला टेकून ठेवलेले पुठ्ठे. विद्यार्थ्यांचे प्रबंध यायचे, कचेऱ्यांची रजिस्टरं यायची, वाचनालयातली कणा मोडलेली पुस्तकं यायची. सुईणबाईंच्या वहीत चाळीस वर्षांतले जन्म लिहिलेले होते, प्रत्येकापुढं त्या दिवशीचा चंद्र आणि हवा. बाइंडरीण ती वही शिवता शिवता वाचत गेली आणि अडकली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेली तीस वर्षं. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. "माझा विश्वास तारेच्या दोरावर," तो म्हणायचा. "त्याच्यावर भार किती आणि तारीख कोणती ते लिहिलेलं असतं. तुझ्या चंद्रावर लिहिलंय का काही?" पण वर्षातल्या सगळ्यांत छोट्या दिवशी, साठी उलटलेल्या मंडळींच्या घडीच्या खुर्च्या टेकडीवर वाहून न्यायला तोच असायचा. खुर्च्या मांडून खाली गाडीत जाऊन बसायचा, थर्मासातला चहा प्यायचा, आणि ती उतरून आली की विचारायचा, "काय, सूर्य परत येतोय ना? मला सोमवारी कामावर जायचंय." अकरा वर्षांत त्यानं एकदाही खुर्च्या चुकवल्या नाहीत. माणसानं आणखी किती मान द्यायचा?

तर अशा या माणसाला पोटाचं दुखणं निघालं. आधी गॅस, मग पित्त, मग तपासण्या, आणि एका मंगळवारी डॉक्टरांनी दोघांना बसवून स्वादुपिंड हा शब्द उच्चारला. घरी आल्यावर तो थेट स्वयंपाकघरात गेला, महिनाभर बंद पडलेला मिक्सर त्यानं खाली घेतला, आणि त्याचं बूड उघडून बसला.

बाइंडरीण दारात उभी राहिली. विचारायची त्यांच्या गटाची एक पद्धत आहे: सरळ विचारायचं, आडून नाही, आणि जे उत्तर येईल ते घ्यायचं. तिनं तसंच विचारलं.

"आम्ही तुझ्यासाठी बसू का?"

त्यानं मान वर केली नाही. "नको गं बाई. डॉक्टर, विमेवाले, आणि आता ताई येईल, एवढी माणसं आधीच माझ्या मागे लागलीयत. त्यात आणि चार दिशा कशाला? माझं नाव टेकडीवर नको." मग स्क्रू दातात धरून म्हणाला, "तो बारका पेचकस दे."

तिनं पेचकस दिला. आत जाऊन टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन भात टाकला. मिक्सर दुरुस्त झाला होता. तो त्या संध्याकाळी तीनदा चालवून बघितला गेला, रिकामाच.

रविवारी सकाळी गट तिच्या दुकानात जमला. सुईणबाई, बसचालक, रोपवाटिका चालवणाऱ्या दोघी बहिणी, दातांचे डॉक्टर, आणि वाचनालयातले ग्रंथपाल. तिनं आजार सांगितला आणि लगोलग सांगितलं, "विचारलं मी. नको म्हणाला." रोपवाटिकेतली धाकटी बहीण डोळे पुसत होती. सुईणबाई म्हणाल्या, "मग नाही बसायचं. तुझ्यासाठी बसू का?" ती हो म्हणाली, आणि ते तिच्यासाठी बसले: हिला बळ मिळो, हिची झोप शाबूत राहो. बसल्या जागी तिला बरं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. दुखणं त्याचं आणि औषध हिला, असा प्रकार.

यानंतरच्या नऊ आठवड्यांत तिनं त्याला पुन्हा विचारलं नाही. एकदा नाही म्हटल्यावर परत विचारणं म्हणजे दबाव, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आता कुणी म्हणेल, हा कसला ताठा. म्हणणाऱ्याचं चुकणार नाही.

मोह झाला नाही असं नाही. एका दुपारी ती प्रबंधांचा गठ्ठा शिवत होती, मेण लावलेला दोरा हातात होता. एखाद्यासाठी मागायची त्यांच्यात एक साधी रीत आहे: दोऱ्याला नऊ गाठी मारायच्या, प्रत्येक गाठीला एक मागणं, आणि नवव्या गाठीला त्या माणसाचं नाव. तिची बोटं आपोआप चालू लागली. दुखणं थांबू दे, एक. भूक लागू दे, दोन. अशा आठ गाठी झाल्या. नववीला नाव ओठांवर आलं आणि तिला तो दिसला, मिक्सर मांडीवर घेऊन बसलेला, माझं नाव नको म्हणणारा. मग सुई घेऊन तिनं एकेक गाठ सोडवत आणली. मेणाच्या दोऱ्यातल्या गाठी सुटता सुटत नाहीत. त्या दिवशी एक प्रबंध राहिला तो राहिलाच, आणि तो न्यायला आलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी हेलपाटा पडला.

नणंद आली होती. लिफ्टवाल्याची मोठी बहीण, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, घरात आणि बाहेर सगळ्यांच्या ताई. ताईंचा कशावरच विश्वास नव्हता, ना देवावर, ना डॉक्टरांवर, ना दुसऱ्यानं केलेल्या बेरजेवर. एव्हाना त्याला हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर, आणि दोघी आळीपाळीनं बसत. एकदा दुपारी पाळी बदलताना व्हरांड्यातल्या बाकावर ताईंनी तिला बसवून घेतलं.

"तुमच्या त्या टेकडीवाल्यांचं चाललंय ना याच्यासाठी काही?"

"नाही ताई. तो नको म्हणाला."

"म्हणून?"

"म्हणून नाही करत. आमच्यात तसं चालत नाही."

ताईंनी चष्मा काढला. वर्गात त्या चष्मा काढायच्या तेव्हा पोरांची पाचावर धारण बसायची, असं लिफ्टवाला सांगायचा. "अगं, मला यातलं काही पटत नाही, तुला ठाऊक आहे. पण तुला पटतं ना? तुझा विश्वास आहे ना, की याचा उपयोग होतो?"

"आहे."

"आणि नवरा आत असा पडलाय, आणि तू हात बांधून बसलीयस. कर की गपचूप. कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"मग बस आपल्या तत्त्वाला कवटाळून," ताई म्हणाल्या, आणि डबा उचलून निघून गेल्या. बाइंडरीण बाकावर बसून राहिली. तिला ताईंचा भयंकर राग आला होता, आणि तो राग यासाठी होता, की आपणच आपल्याला जे रोज विचारतोय ते या बाईनं मोठ्यानं विचारलं.

तिसऱ्या आठवड्यानंतर कधीतरी त्याच्यात फरक पडला. दुखणं कमी झालं म्हणावं तर कागदांवर तसं काही नव्हतं. पण तो निवळला. सुई टोचताना पूर्वी तोंड फिरवायचा, ते बंद झालं. गोळीसाठी आकांत करायचा, तो थांबला. जरा बरं वाटलं की उशीवर कान टेकून व्हरांड्यातल्या लिफ्टचा आवाज ऐकायचा आणि वॉर्डबॉयला सुनवायचा, "तुमचा ब्रेक घासतोय. सांगा त्यांना, नाहीतर मी उतरून येईन." बाइंडरीण आली की तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचा, दोघांत काहीतरी गुपित असल्यासारखा. तिला वाटायचं, औषधाची गुंगी.

मग तो पुन्हा खचला, आणि या वेळी सगळे आकडे एकाच बाजूला गेले. डॉक्टर आता उपचारांचं बोलत नव्हते, दुखू न देण्याचं बोलत होते.

नवव्या आठवड्यातल्या एका दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, तो चांगला जागा होता. तिनं त्याचे ओठ ओल्या कापसानं पुसले. तो म्हणाला, "बाइंडरीणबाई, तुला वाटतं मला कळत नाही?"

"काय कळत नाही?"

"तुझं चाललंय ते. तुमची बैठक. माझ्यासाठी."

तिचा हात थांबला.

"मी नको म्हटलं म्हणून थांबणारी तू आहेस होय?" त्याला बोलताना धाप लागत होती, पण चेहऱ्यावर तेच हसू. "मला पहिल्यापासून खात्री होती. आणि खरं सांगू, हसू नको. उपयोग होतो. रात्री दुखायला लागलं की म्हणतो, तिकडं सात माणसं माझ्यासाठी बसलीयत, त्यातला एक बसचालक तर पहाटे चारला उठणारा. मग जरा तग धरवतो." त्यानं तिच्याकडे बघितलं. "करतेस ना?"

बाइंडरीण अकरा वर्षांत त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. त्याआधीची वर्षं सोडून द्या, ती सगळ्यांचीच असतात. गटात खरं बोलायचं आणि घरी निराळं, हे तिला जमत नसे. तिनं कापूस बशीत ठेवला.

"करते," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज संध्याकाळी. दुकानात. सगळे येतात."

"कसं करता, सांग. मी कधी वर येऊन बघितलंच नाही. नुसत्या खुर्च्या वाहिल्या."

मग तिनं सांगितलं. न झालेली बैठक तिनं त्याला पहिल्यापासून सांगितली. आधी टेबल भिंतीला सारतो आणि जागा झाडून घेतो. पूर्वेला खिडकी उघडतो, वाऱ्यासाठी. दक्षिणेला एक मेणबत्ती. पश्चिमेला पाण्याचा वाडगा, माझाच, खळ कालवायचा, स्वच्छ घासून. उत्तरेला सुईणबाईंच्या अंगणातली माती. हात धरून गोल करतो, दाताच्या डॉक्टरांचा हात नेहमी गार असतो.

"आणि मी कुठं असतो?"

"मध्ये."

"उभा?"

"नाही, बसलेला. घडीच्या खुर्चीवर."

तो खुश झाला. "मग काय म्हणता?"

"म्हणतो, याचं दुखणं मातीनं घ्यावं, तिला ते पेलतं. याचा ताप पाण्यानं घ्यावा. याला श्वासाला वारा कमी पडू नये. याच्या हाताला ऊब राहावी." तिनं त्याचा हात पांघरुणात घेतला. "आणि शेवटी तुझं नाव. सगळे मिळून तीनदा."

"चांगलं आहे," तो डोळे मिटत म्हणाला. "उगाच चेष्टा केली एवढी वर्षं. चालू ठेव."

त्याला झोप लागल्यावर ती व्हरांड्यात आली आणि ताईंची वाट बघत बाकावर बसली. चालू ठेव, म्हणाला होता. हा होकार होता. नऊ आठवडे ज्याच्यासाठी तिनं मन मारलं तो होकार आता तिच्या हातात होता, आणि तो तिनं खोटं बोलून मिळवला होता. ताई आल्या, तशी ती त्यांच्याशी एक अक्षर न बोलता जिना उतरून सुईणबाईंकडे गेली.

सुईणबाई अंगणात कुंड्यांतली माती बदलत होत्या. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात मातीतच.

"उद्या पाचला बसू," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना कळवते. आपलं चालू आहे असं समजून का होईना, तो हो म्हणालाय. मला तेवढं पुरे." मग म्हणाल्या, "पण तो नको म्हणाला त्याला किती दिवस झाले?"

"नऊ आठवडे."

"आणि मधे तू परत विचारलंच नाहीस?"

"एकदा नाही म्हटल्यावर परत कसं विचारायचं? तो दबाव झाला. आपलाच नियम आहे ना."

सुईणबाईंनी हात झटकले. "असं मी कधी म्हटलं?"

बाइंडरीण अंगणातच खाली बसली.

"अगं, चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? हात लावू का? आता लावू? आता? एकेका बाळंतपणात वीस-वीस वेळा विचारायची मी. सकाळी माझ्याकडे बघायचं नाही म्हणणारी बाई संध्याकाळी माझं मनगट सोडत नसे. माणूस एकदाच उत्तर देऊन मोकळा होतो का कधी? होकाराशिवाय नाही म्हणजे विचारत राहायचं. नुसतं थांबायचं नाही." मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आला. "नियमामुळे नाही विचारलंस, की तुला लागलं होतं त्याचं बोलणं?"

खोटं बोलायचं ते तिनं दुपारी बोलून घेतलं होतं. "लागलं होतं," ती म्हणाली. "मिक्सर खोलून बसला होता, सुईणबाई. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

सुईणबाईंनी तिला मातीच्या हातांनीच जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती दुकानात आली. टेबल भिंतीला सारलं, कागदाचे कपटे झाडून काढले, खळीचा वाडगा तीनदा घासला. खिडकी उघडली. मेणबत्ती ठेवली, पेटवली नाही. काल जसं सांगितलं होतं तसंच सगळं मांडायचं, म्हणजे निदान कालचं खोटं एका दिवसानं का होईना खरं होईल, असं तिनं ठरवलं होतं. घडीची खुर्ची मध्ये ठेवून ती सरळ करत होती तेव्हा फोन वाजला. ताईंचा होता. "ये," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढं त्यांना बोलता येईना.

तिनं फोन ठेवला तेवढ्यात बसचालक दारात आला. पाळी बदलून आला होता, गणवेश अंगावरच होता. मागोमाग दोघी बहिणी आल्या, मग डॉक्टर, मग ग्रंथपाल, आणि शेवटी पिशवीत माती घेऊन सुईणबाई. प्रत्येकाला तिनंच सांगितलं. तेच तेच वाक्य सहा वेळा नाही, पाच वेळा. बहिणी एकदम आल्या होत्या. कुणी बसलं नाही. बसचालकानं तिला त्याच्या गाडीतून हॉस्पिटलात सोडलं, आणि वाटेत सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो लहान मुलासारखा रडला. त्याला मागून हॉर्न ऐकू येत नव्हते.

पुढचे दिवस माणसांत गेले. ताई दोन आठवडे राहिल्या. जायच्या आदल्या दुपारी दोघी स्वयंपाकघरात चहा घेत होत्या, आणि बाइंडरिणीनं न राहवून त्यांना सांगून टाकलं. तो काय म्हणाला, आपण काय खोटं बोललो, सगळं.

"त्याला कसं वाटलं असेल, ताई, की मी करतेय? मी तर चकार शब्द काढला नव्हता."

ताई कपाकडे बघत होत्या. "मी सांगितलं."

"काय?"

"तू रोज करतेस म्हणून. आपलं भांडण झालं ना बाकावर, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू नको म्हटलंस म्हणून तुझ्यापासून लपवते, म्हटलं. तू कळू देऊ नकोस." त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी डोळे पुसायला. "मला बघवेना गं. पहिले दोन-तीन आठवडे तो नुसती वाट बघत होता."

"कशाची?"

"तू परत विचारायची. मला म्हणाला, एवढी वर्षं टिंगल केली, एका फटक्यात कसा शरण जाऊ? परत विचारेल ती. तेव्हा म्हणतो हो. रोज संध्याकाळी तू निघालीस की मला म्हणायचा, आज पण नाही विचारलं. मी तुला सांगणार होते, पण त्यानं माझ्याकडून वचन घेतलेलं. तिनं आपणहून विचारायला पाहिजे, म्हणायचा. म्हणून मी तुला म्हटलं, कर, कर. तू ऐकेनास. मग त्याला खोटं सांगितलं. आणि त्या दिवसापासून तो झोपायला लागला."

ताई रडत होत्या. बाइंडरिणीला रडू येईना. ते पहिले आठवडे ती एकेक दिवस करून आठवत होती, आणि त्यातली एक संध्याकाळ तिला अगदी स्वच्छ आठवली. ती घरी निघाली होती, पर्स खांद्याला लावली होती, आणि त्यानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं. काही विचारायचंय का तुला, म्हणाला होता. ती दमलेली होती. डोक्यात उद्याचं काम होतं, शेवटची बस गाठायची होती. थोडा वेळ तो तसाच तिच्या तोंडाकडे बघत राहिला होता.

तिनं विचारलं होतं, जाण्याआधी दूध गरम करून देऊ का. तो हो म्हणाला होता.